स्वतंत्रपूरचा धडा : बंदिवानांचे शिक्षण, पुनर्वसन आणि आपण

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत बहुधा यशस्वी बांधवांचा गौरव असतो. परीक्षेत चमकलेले विद्यार्थी, उद्योगधंद्यात नाव काढलेले गृहस्थ, देणगीदार व कार्यकर्ते यांच्या नावांनी ही पाने भरतात, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक समाजात अशीही काही घरे असतात की, ज्यांतील एखादा मनुष्य तुरुंगात असतो. त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही. कोणी चौकशी केली, तर 'नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो' असे सांगून घरची मंडळी विषय बदलतात. शिक्षा भोगून तो परत आला म्हणजे त्याचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न सरकारचा म्हणून आपण बाजूस सारतो. या प्रश्नाचा आपल्या इकडील इतिहास वेगळे काही सांगतो. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

इंग्रजी अमदानीत तुरुंगांचा पद्धतशीर विचार प्रथम झाला तो १८३६ साली नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीत. लॉर्ड मेकॉले हे तिचे एक सभासद होते. या समितीने १८३८ साली जो अहवाल दिला, त्यात शिक्षणाने वा नैतिक उपदेशाने कैदी सुधारावा, या कल्पनेस थारा नव्हता. तुरुंगातील काम नीरस व कष्टाचे असावे, त्याची धास्ती बसावी, म्हणजे गुन्हे आपोआप कमी होतील, असा तिचा एकंदर विचार होता. ज्या मेकॉलेसाहेबांचे नाव आपण शाळा-कॉलेजांच्या इतिहासात वाचतो, त्यांच्याच समितीने तुरुंगाच्या दाराशी शिक्षणास अडवून धरावे, हा इतिहासातील एक विचित्र योगायोगच म्हटला पाहिजे.

ही दृष्टी पालटावयास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या तुरुंग समितीने, कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक प्रमुख उद्दिष्ट होय, असे स्पष्ट शब्दांत मान्य केले. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसंबंधीचा कायदा झाला आणि १९२९ साली तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळांचा. चुकलेल्या कोवळ्या वयाच्या माणसाला दगड फोडावयास न लावता हातास काही विद्या द्यावी, हा विचार अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात शिरला.

परंतु त्याच काळात दुसऱ्या बाजूने एक मोठा अन्याय चालू होता. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींच्या जमाती 'गुन्हेगार' ठरविण्यात आल्या होत्या. त्या जमातीत जन्म घेणे, हाच अपराध! चौकीवर हजेरी देणे आणि तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहणे त्यांच्या नशिबी आले; सोलापूरची अशी वसाहत प्रसिद्धच आहे. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी साऱ्या देशात त्याचा शेवट झाला. कायदा गेला, तरी त्यामागील विचार मनामनांतून गेला आहे काय? एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या बायकामुलांकडे आणि भावंडांकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्या कायद्याहून फारशी निराळी नाही.

आता विद्येकडे वळू. तुरुंगात विद्या फुलू शकते, याची साक्ष मराठी वाङ्मयाइतकी क्वचितच कोठे मिळेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. स्वातंत्र्यानंतरचेही एक उदाहरण आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठविण्यास सरकारने मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. स्थानबद्धतेमुळे मनुष्याचे सारेच हक्क संपत नाहीत, हे त्यातून निश्चित झाले. पण ही सर्व माणसे तुरुंगात गेली ती आधीच विद्यासंपन्न होती आणि समाज त्यांना मान देत होता. खून-मारामारीच्या गुन्ह्यात सापडलेल्या सामान्य शेतकऱ्याचे काय? त्याचे उत्तर औंध संस्थानाने दिले.

औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान. मुलूखही सलग नव्हे. अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकलेचे मोठे रसिक म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. याच संस्थानात कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाच त्यांनी वसाहतीच्या राखणीवर नेमले होते. ज्याची लोकांना भीती, त्याच्याच हाती विश्वासाने राखण सोपवावयाची, ही गोष्ट या मातीला तेव्हापासून ठाऊक होती.

१९३९ साली बाळासाहेबांनी, त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने, राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभारून प्रजेच्या स्वाधीन केला. या कामी त्यांना मॉरिस फ्रिडमन या गृहस्थांचे मोलाचे साहाय्य झाले. हे मूळचे पोलंडचे ज्यू इंजिनियर. बंगळूर येथे म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्याचे प्रमुखपद सोडून ते खादी नेसून औंधास आले आणि 'भारतानंद' या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचा १९७३ साली जो इंग्रजी ग्रंथ झाला, तो याच गृहस्थांनी सिद्ध केलेला.

फ्रिडमन यांच्या कल्पनेतून त्याच १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची एक मोकळी वसाहत सुरू झाली. तिला नाव दिले 'स्वतंत्रपूर'. बंदिवानांच्या वस्तीस हे नाव देण्यात केवढी श्रद्धा होती! माणदेशाचा तो भाग म्हणजे पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख. पाऊस बेताचा आणि जमीन कष्टाशिवाय काही न देणारी. तेथे गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेल्या माणसांना आणून ठेवले. उंच भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करावी आणि आपल्या श्रमाचे खावे. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांना बायकामुलांसह राहण्याची मोकळीक होती. तुरुंग मनुष्याला त्याच्या माणसांपासून तोडतो. स्वतंत्रपुराने तोडलेले धागे पुन्हा जोडले. सायंकाळी ज्याची वाट पाहणारे घर आहे, तो कुंपण नसतानाही पळून जात नाही, हे साधे सत्य या प्रयोगाच्या मुळाशी होते.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. संस्थानी काळातील कितीतरी उपक्रम त्या उलथापालथीत लोपले, पण स्वतंत्रपूर टिकले. पुढे ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू राहिले. वस्ती लहान, तीसच्या आतच कैद्यांची सोय असलेली. पण तिची कीर्ती मात्र सातासमुद्रापार गेली. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. माडगूळकर हे त्याच माणदेशचे सुपुत्र आणि औंधच्याच शाळेत शिकलेले. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली त्या कथेवर 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळ पिकविणारा तो तुरुंगाधिकारी आमच्या पिढीतील कित्येकांना अद्याप आठवत असेल. चित्रपट पाहून आपण डोळे पुसले. मात्र तसा एखादा कैदी गावी परतला, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागलो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पुढील काळात येरवडा, पैठण इत्यादी ठिकाणी खुली कारागृहे निघाली. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास काही दिवस घरी जाता यावे म्हणून १९५९ साली संचित व अभिवचन रजेचे नियम झाले. कारागृहांतून सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकविले जाते. मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रेही तेथे चालतात आणि गजाआड राहून पदवी मिळविणारे बंदी निघतात. तरीही चित्र समाधानाचे नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा सुमारे ७६, ही केवळ खटला चालू असलेली, अद्याप दोषी न ठरलेली अशी होती. वर्षानुवर्षे ती आत राहतात, आणि यांतील कित्येक जण पुढे निर्दोषही ठरतात. पण निकाल लागण्यापूर्वीच गाव आपला निकाल देऊन मोकळे झालेले असते.

या इतिहासाचे सार आमच्या मते एवढेच आहे. तुरुंगात दिलेली विद्या, शिकविलेला धंदा आणि मिळालेली पदवी यांची खरी कसोटी दरवाजाबाहेर लागते. तुरुंगाचे कुलूप सरकार उघडते. घराचे, दुकानाचे व पंगतीचे दार आपण उघडावयाचे असते. ते बंद राहिले, तर आतील सर्व शिक्षण फुकट जाते, आणि परतलेला मनुष्य जेथे त्याला विचारणारे कोणी भेटते, तेथे, म्हणजे बहुधा जुन्याच वाटेला, जातो. स्वतंत्रपूर यशस्वी झाले ते केवळ मोकळ्या रानामुळे नव्हे. तेथे मनुष्याजवळ त्याचे कुटुंब होते आणि त्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकला होता.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची काही नम्र विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्त्या देताना ज्याचा बाप तुरुंगात आहे, अशा मुलाचा अर्ज बाजूस पडू नये. उलट त्याची फी आधी भरली जावी. मुलीचे स्थळ पाहताना तिच्या भावाचा गुन्हा तिच्या पदरी बांधू नये. ज्या बांधवांचे कारखाने व दुकाने आहेत, त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या एका तरी माणसास काम द्यावे. ज्याचा खटला चालू आहे, त्याच्या वृद्ध आईबापांकडे सणासुदीस कोणी तरी जाऊन यावे. यातील एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही.

गुन्ह्याची भलावण करावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचे दुःख आम्ही विसरत नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगलीच पाहिजे. परंतु ती भोगून संपल्यावर आपण आपल्या पदरची दुसरी शिक्षा देऊ नये. कोरड्या माणदेशात जे एका लहानशा संस्थानास साधले, ते सुशिक्षित व संघटित म्हणविणाऱ्या आपल्या समाजास अवघड जाऊ नये.