सोबतीचे बळ

व्यायामाचा निश्चय करणे सोपे. तो महिनाभर टिकविणे कठीण, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. यावर आपल्याकडे जुना उपाय होता: माणसाला एकटे सोडायचे नाही. तालमीत जोडीदार वाट पाहत असे, म्हणून पहाटे अंथरूण सुटे. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा काढला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून मुलांना रांगेने सूर्यनमस्कार घालावयास लावले. एकट्याचा आळस रांगेत लपत नाही.

आहारालाही हाच न्याय लागू पडतो, आणि त्यासाठी आम्ही शहापूर-मुरबाडकडे बोट दाखवितो. नाचणी-वरीच्या या डोंगरपट्टीत प्रश्न केवळ धान्याचा नाही. कोणाच्या वाट्याला किती येते, हाही आहे. घरी नेलेला शिधा घरभर वाटला जातो आणि गरोदर बाई सर्वांच्या मागून जेवते. २०१५ साली राज्याने आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू केली. तीत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळू लागले: भाकरी वा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, जोडीला अंडे किंवा केळे. मुद्दा एकत्र बसून जेवण्याचा होता. पंगतीत एक जागा रिकामी राहिली, की शेजारणीच्या ध्यानात येते.

सरकार ताट वाढू शकते. रिकाम्या जागेची चौकशी मात्र शेजाऱ्यानेच करावी लागते. पाड्यावर आणि आपल्या आळीतही.