पोरक्या चिंपांझींची पाठशाळा



पश्चिम आफ्रिकेंत सिएरा लिओन नांवाचा एक लहानसा देश आहे. फ्रीटाउन ही त्याची राजधानी. समोर समुद्र आणि शहराच्या पाठीशीं लगेच वनाच्छादित डोंगर, अशी या नगरीची रचना आहे. मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीचें रान ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना तिची थोडीबहुत कल्पना येईल. या डोंगरांत, रीजंट गांवाजवळ, टाकुगामा म्हणून एक स्थान आहे. ज्यांच्या आया मारल्या गेल्या आणि ज्यांना दोरीनें बांधून विकण्यांत आलें, अशा चिंपांझींसाठीं इ. स. १९९५ मध्यें तें स्थापन झालें. आज तेथें शंभराहून अधिक चिंपांझी राहतात. त्यांचा दिवस कसा जातो, त्यांची निगा कशी राखतात आणि हा प्रसंग मुळांत त्यांच्यावर कां आला, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

चिंपांझी म्हणजे एक मोठें माकड, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाहीं. माकडाला शेंपूट असतें, चिंपांझीला तें नसतें, आणि शेंपटापेक्षांही मोठा भेद बुद्धीचा आहे. इ. स. १९६० मध्यें जेन गुडॉल या इंग्रज तरुणीनें टांगानिकांतील गोम्बेच्या अरण्यांत एक चिंपांझी वारुळाच्या भोकांत गवताची काडी खुपसून तिला चिकटलेली वाळवी खातांना पाहिला. हत्यार वापरणें ही केवळ मनुष्याची मिरास नाहीं, हें तेव्हांपासून विद्वानांना मान्य करावें लागलें. गिनी देशांत बोसू येथील चिंपांझी तर एक दगड खालीं मांडतात, त्यावर तेलमाडाची कठीण आठळी ठेवतात आणि दुसऱ्या दगडाचा घाव घालून आंतला गर खातात. ही विद्या हस्तगत होण्यास पिलाला कित्येक वर्षें लागतात. आई फोडीत असते, पिलूं शेजारीं बसून पाहतें, मग चुकीचा दगड उचलतें, मग बोटावर मारून घेतें, आणि पुन्हां पाहत बसतें.

मधमाशीला षट्कोनी घरें बांधण्यास कोणी शिकवीत नाहीं. चिंपांझीला मात्र बहुतेक सर्व कांहीं शिकावें लागतें: कोणतें पान खावें, कोणतें टाळावें, रात्रीं निजण्यासाठीं फांद्या वांकवून झाडावर बिछाना कसा करावा, दांडग्या नरापुढें मान कशी तुकवावी. पिलूं चार-पांच वर्षें आईच्या अंगावर पितें आणि आठ-दहा वर्षांचें होईपर्यंत तिच्या पाठोपाठ हिंडतें. आई हीच त्याची शाळा. ती गेली कीं पोरकेपणाबरोबर निरक्षरताही पिलाच्या कपाळीं येते.

आणि ती जाते ती बहुधा पिलापायींच. जिवांत जीव असेतों चिंपांझी आई आपलें पिलूं सोडीत नाहीं; म्हणून पिलूं हवें असेल त्याला प्रथम तिला गोळी घालावी लागते, आणि मदतीला धांवून आलेल्या इतरांनाही. कधीं शिकारी मांसासाठींच तिला मारतो, आणि छातीला बिलगलेलें पिलूं वरकड मिळकत म्हणून बाजारांत नेतो. विसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील प्रयोगशाळांना, सर्कशींना आणि प्राणिसंग्रहालयांना हीं पिलें हवीं असत, आणि त्यांचा पुरवठा करणाऱ्या देशांत सिएरा लिओन हा एक प्रमुख देश होता. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ सालीं अमलांत आला, तेव्हां हा व्यापार हळूहळू आटला. याच सुमारास आपल्याकडेही तसाच एक प्रश्न होता, हें पुष्कळांच्या विस्मरणांत गेलें असेल. भारतांतून प्रयोगांसाठीं हजारों माकडें परदेशीं रवाना होत. ती निर्यात मोरारजी देसाई पंतप्रधान असतांना १९७८ सालीं बंद करण्यांत आली. परंतु आफ्रिकेंत परदेशींची मागणी थांबली तरी घरगुती मागणी थांबली नाहीं. अंगणांत साखळीला बांधलेलें पिलूं हा करमणुकीचा विषय होऊन बसला होता.

अशीं पिलें सोडवून परत रानांत कां सोडूं नयेत, असा प्रश्न सहजच मनांत येतो. टाकुगामाच्या कितीतरी आधीं सिएरा लिओनच्या उत्तरेकडील गांबिया देशांत हा प्रयत्न होऊन चुकला होता. तेथें स्टेला ब्रुअर या तरुणीनें १९६९ च्या सुमारास आबुको येथें कांहीं पोरकीं पिलें वाढविलीं, आणि पुढें सेनेगालमधील निओकोलो-कोबाच्या राखीव अरण्यांत तीं नेलीं. ती स्वतः त्यांच्याबरोबर रानांत राहिली. परंतु त्या रानाला आधींचे मालक होते. तेथल्या वन्य चिंपांझींनीं या आगंतुकांवर हल्ले केले आणि १९७९ सालीं सर्व मंडळी गांबिया नदीतील बेटांवर हलवावी लागली. चिंपांझीला पोहतां येत नाहीं. म्हणून नदी हेंच तेथें कुंपण झालें.

याच बेटांवर लूसीची कथा घडली. लूसी ही अमेरिकेंत एका मानसशास्त्रज्ञाच्या घरीं मुलीसारखी वाढलेली चिंपांझी. ती मेजावर बसून जेवी, चहा करी आणि हाताच्या खुणांनीं मनांतलें सांगे. मोठी झाल्यावर घरांत आवरेना, तेव्हां १९७७ मध्यें तिला गांबियांत आणलें. तिच्या सोबतीला जॅनिस कार्टर नांवाची एक विद्यार्थिनी कांहीं आठवड्यांसाठीं म्हणून आली, आणि वर्षानुवर्षें राहिली. बेटावर कार्टरबाईंनीं स्वतःसाठीं एक पिंजरा उभारून घेतला. त्यांत त्या निजत. चिंपांझी बाहेर मोकळे! इतर पिलें हळूहळू पानें-फळें शोधूं लागलीं. लूसी मात्र पिंजऱ्याशीं बसून राही, खुणांनीं याचना करी आणि दिवसेंदिवस वाळत जाई. बाईंनीं तिच्यापुढें स्वतः पानें चावून दाखविलीं, मुंग्या खाऊन दाखविल्या. अखेर एके दिवशीं दोघी वाळूंत थकून झोंपीं गेल्या. जाग आल्यावर लूसीनें एक पान तोडून बाईंपुढें धरलें आणि मग स्वतः खाल्लें. त्यानंतर ती रानाला लागली. पण पुरती कोठें? १९८७ सालीं तिचा सांगाडा बेटावर सांपडला. मृत्यूचें कारण नक्की ठरलें नाहीं.

आयुष्यभर खडू हातांत धरलेल्या माझ्यासारख्याला या कथेंतील पिंजरा फार विचार करावयास लावतो. शिष्यानें आपल्याला सोडून जावें यासाठीं गुरूनें स्वतःला कोंडून घ्यावें, असें दुसरें उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

आतां टाकुगामाकडे येऊं. तें स्थापन करणारे बाला अमरशेखरन् हे जन्मानें श्रीलंकेचे. लंकेच्या माणसानें वानरकुळाचें संगोपन करावें, हा योग मोठा गमतीचा, नाहीं कां? ते व्यवसायानें हिशेबनीस. १९८८ सालीं ते पत्नीसह देशांत आंतल्या भागांत गेले असतां एका खेड्यांत झाडाला बांधलेलें, मरणोन्मुख झालेलें एक चिंपांझीचें पिलूं त्यांच्या दृष्टीस पडलें. थोडेसे पैसे देऊन त्यांनीं तें घरीं आणलें आणि फ्रँक ब्रुनो या इंग्रज मुष्टियोद्ध्याच्या नांवावरून त्याचें नांव ब्रुनो ठेवलें. एकामागून दुसरें, दुसऱ्यामागून तिसरें, अशीं पिलें येऊं लागलीं. घर पुरेना. अखेर सरकारच्या सहकार्यानें या डोंगरांतील राखीव जंगलाचा एक भाग मिळाला आणि हिशेबनीसाचा गृहस्थाश्रम खऱ्याखुऱ्या आश्रमांत रूपांतरित झाला.

नवें पिलूं तेथें आलें कीं प्रथम त्याला सुमारे तीन महिने इतरांपासून वेगळें ठेवतात. त्याच्या अंगावर दोरीचे वळ असतात, कधीं छर्ऱ्यांच्या जखमा असतात, पोटांत जंत असतात. क्षयाची आणि इतर रोगांची तपासणी होते, लसी टोंचतात. परंतु वैद्याच्या औषधापेक्षां त्याला अधिक गरज असते ती अंगाच्या उबेची. आईच्या पोटाला अहोरात्र चिकटून राहणारें हें लेकरूं एकटें ठेवलें तर खाणें सोडतें, अंग झुलवीत बसतें आणि पाहतां पाहतां मरतें. म्हणून एखादी दाई त्याला पोटाशीं धरून हिंडते, बाटलीनें दूध पाजते. तोंडाला फडकें बांधूनच हें करावें लागतें, कारण आपलें साधें पडसें त्यांना प्राणघातक ठरूं शकतें. ती त्याच्या अंगावरचे केंस विंचरते, पाठीवर घेऊन झाडाखालीं बसते. मी हें लिहितों तितकें तें सोपें नसावें. कुशींत निजलेलें पिलूं पुढें आपल्याला दुरावणार आहे, आणि तें दुरावलें तरच आपलें काम साधलें, हें मनांत बाळगून त्याला वाढवावयाचें असतें.

प्रकृति सुधारली कीं त्याला समवयस्कांच्या बालवर्गांत घालतात. तेथें ओढाओढी, गुदगुल्या, रुसवेफुगवे सर्व होतें. मग वरचा वर्ग. मोठ्यांच्या टोळींत नव्याला एकदम सोडतां येत नाहीं. अनोळखी जिवाला मोठा नर फाडून काढील. म्हणून आधीं मधल्या गजांतून ओळख होते. बोटें पुढें येतात, वास घेतला जातो, आंतून कोणी एकमेकांचे केंस चाळूं लागतो. बहुधा एखादी प्रौढ मादी पुढें होऊन पिलाला जवळ करते, आणि तिच्या आडोशानें तें टोळींत शिरतें. येथून मनुष्य मागें सरतो. मोठ्या चिंपांझीच्या कुंपणांत माणूस पाऊल टाकीत नाहीं. त्याची शक्ति आपल्याहून पुष्कळ अधिक, आणि लहानपणींचा लळा रागाच्या क्षणीं कामाला येईलच असें नाहीं.

दिवस सकाळीं लवकर सुरू होतो. रात्रीच्या खोल्यांचीं दारें उघडलीं कीं एकच आरोळी उठते. एकानें सुरू करावी, दुसऱ्यानें उचलावी, आणि सारें रान दुमदुमावें. टोळ्या आपापल्या कुंपणांतील जंगलांत जातात आणि मागें राहिलेले सेवक खोल्या धुतात, कोण लंगडतो, कोणाचें जेवण उरलें, हें टिपून ठेवतात. दिवसांतून अनेक वेळां फळें, कंदमुळें, भाज्या घालतात. ढीग एका ठिकाणीं घालीत नाहींत. दूरदूर विखरून टाकतात, नाहींतर दांडगे सर्व बळकावतील आणि दुबळे उपाशी राहतील. शिवाय रानांत अन्न शोधावें लागतें, तसें येथेंही शोधावें लागावें, हाही हेतु. भोकें पाडलेल्या ओंडक्यांत गोड पदार्थ भरून ठेवला कीं काडी घालून तो काढण्यांत त्यांचा तास जातो. दुपारच्या उन्हांत सावलींत बसून एकमेकांचे केंस चाळावयाचे. भांडणें त्यांतच मिटतात. पाहुण्यांवर नेम धरून दगड भिरकावणें हाही तेथील कांहीं नरांचा आवडता उद्योग. पावसाळा आपल्या कोंकणासारखाच धुवाधार, आणि चिंपांझीला भिजणें मुळींच आवडत नाहीं. संध्याकाळीं जेवणाच्या हांकेनें बहुतेक आंत येतात. माद्यांना गर्भ राहूं नये म्हणून औषध देतात. जागा आधींच अपुरी, आणि बाहेरून येणारे अनाथ थांबत नाहींत.

भोंवतालच्या कुंपणांत वीज खेळविलेली असते. तें कुंपण कोणासाठीं, याचें उत्तर २००६ च्या एप्रिलमध्यें मिळालें. ब्रुनो तोंवर टोळीचा थोराड नायक झाला होता. त्याच्यासह एकतीस चिंपांझी बाहेर पडले. वाटेंत पाहुण्यांची एक मोटार त्यांच्या तावडींत सांपडली. त्या हल्ल्यांत स्थानिक मोटारचालक प्राणास मुकला. पुढें बहुतेक चिंपांझी परत आले, पुष्कळसे आपण होऊन. ब्रुनो मात्र आला नाहीं. तो त्या डोंगरांत गेला तो कायमचा. माणसाच्या घरांत वाढलेल्या चिंपांझीला माणसाचें भय उरत नाहीं. आणि ज्या पशूला भय नाहीं त्याला खेड्यांच्या शेजारच्या रानांत मोकळा सोडणें म्हणजे खेडुतांचा जीव आणि त्याचा जीव दोन्ही पणाला लावणें. सेनेगालमध्यें वन्य टोळ्यांनीं शिकविलें होतें तें, आणि हें. दोन्ही मिळून दार बंद राहतें.

या आश्रमावर इतर संकटेंही थोडीं आलीं नाहींत. १९९१ ते २००२ पर्यंत देशांत यादवी युद्ध चाललें होतें आणि १९९९ च्या जानेवारींत बंडखोर खुद्द फ्रीटाउनमध्यें शिरले. अशा दिवसांतही सेवकवर्गानें आश्रम सोडला नाहीं, हें मला सर्वांत विशेष वाटतें. माणसांनाच जेथें दाण्याची भ्रांत, तेथें चिंपांझींस काय म्हणून घालावें, असें कोणी विचारलें असतें तर त्याला दोष देतां आला नसता. २०१४ सालीं इबोलाची सांथ आली. तो रोग चिंपांझींनाही मारतो. म्हणून पाहुण्यांस दारें बंद झालीं.

हल्लींचें भय मात्र वेगळें आहे. २०१० च्या गणनेंत साऱ्या देशांत सुमारे साडेपांच हजार वन्य चिंपांझी असल्याचा अंदाज निघाला आणि २०१९ मध्यें सरकारनें चिंपांझीला राष्ट्रीय प्राण्याचा मान दिला. तरी घरांसाठीं डोंगर तोडणें थांबलें नाहीं. याच डोंगरांतील गुमा तलावाचें पाणी फ्रीटाउन पितें. १४ ऑगस्ट २०१७ रोजीं अतिवृष्टीनें रीजंटजवळ कडा कोसळला आणि हजारावर माणसें मेलीं वा बेपत्ता झालीं. उघडा पडलेला उतार हेंही त्याचें एक कारण मानलें गेलें. वृक्षतोड पुढें आश्रमाच्या सीमेला येऊन भिडली, तेव्हां २०२५ च्या मे महिन्यांत टाकुगामानें निषेधार्थ आपलें दार पाहुण्यांस बंद केलें आणि तिकिटांच्या उत्पन्नावर पाणी सोडलें. आंत सकाळची आरोळी, फळांच्या टोपल्या आणि पिलांच्या दुधाच्या बाटल्या यांचा क्रम नेहमींप्रमाणें चालूच होता.