बापाकडून मोजलेली माणसं

अँग्लो-इंडियन कोणाला म्हणायचं, हे राज्यघटनेच्या कलम ३६६(२)मध्ये सांगितलं आहे. बाप किंवा बापाच्या वंशातला कुणी पुरुष युरोपीय असला पाहिजे, आणि माणूस इथलाच जन्मलेला, इथलाच रहिवासी हवा. आईचा वंश तिथे विचारलेलाच नाही. १९३५च्या कायद्यातून ही व्याख्या घटनेत आली. पण या समाजाचा उगम शोधत मागे गेलं, तर कागदावर आई ठळकपणे भेटते.

१६८७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी लंडनहून मद्रासला कळवलं, की आपल्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करणं हिताचं आहे; मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला एक होन द्यावा, असा विचार आहे. तेव्हा कंपनीला माणसं हवी होती. शंभर वर्षांत राज्य हाती आलं आणि तीच मुलं नकोशी झाली. १७९१मध्ये त्यांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्या बंद झाल्या. १७९५मध्ये, आईबाप दोघेही युरोपीय नसतील तर लष्करात वाजंत्री आणि नालबंद, एवढ्यावरच भागवावं असं ठरलं.

अशाच मुलांपैकी एक जेम्स स्किनर. त्याची आई राजपूत, बाप स्कॉटिश अधिकारी. बापाने मुलींना शिकायला बाहेर पाठवायचा हट्ट धरला. पडदा मोडला, अब्रू गेली, म्हणून १७९०मध्ये आईने जीव दिला. स्किनरनेच हे लिहून ठेवलंय. कंपनीत अधिकारी होता येईना, तेव्हा तो शिंद्यांच्या फौजेत गेला. १८०३मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि इंग्रज रक्ताचा म्हणून तिथूनही त्याला काढलं. इंग्रजांकडे गेला तो अट घालून: शिंद्यांवर हत्यार उचलणार नाही. दोन्हीकडून नाकारलेल्या माणसाचं हे इमान मला फार मोठं वाटतं. त्याने उभारलेलं घोडदळ आजही भारतीय सेनेत आहे.

पुढे या समाजाची पोरं रेल्वेत आणि तारखात्यात शिरली. भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत त्यांची घरं झाली. १९११च्या जनगणनेत ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव सरकारी झालं. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नियुक्त जागा २०२०मध्ये संपल्या, व्याख्या तशीच राहिली. अशा घरातल्या मुलाने मराठी मुलीशी लग्न केलं, तर त्यांची मुलं अँग्लो-इंडियन. त्याच्या सख्ख्या बहिणीने मराठी मुलाशी केलं, तर तिची मुलं नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं.