हार्ड डिस्क निश्चल होते तेव्हा : सर्किट बोर्डावरील सदोष व्होल्टेज रेग्युलेटरचे निदान

सिंगापूर आणि हार्ड डिस्क यांचे नाते जुने आहे. सीगेट कंपनीने १९८२ मध्ये येथे उत्पादन सुरू केले आणि पुढील काही वर्षांतच हे बेट हार्ड डिस्क निर्मितीचे जागतिक केंद्र बनले. येथील मराठी घरांतही लग्नाच्या चित्रफिती, आईवडिलांची छायाचित्रे, गावाकडील सातबाऱ्याच्या प्रती अशा एखाद्या डिस्कवर साठवलेल्या असतात. ती डिस्क एके दिवशी फिरेनाशी झाली, की सर्व काही गेले असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा तबकड्यांवरील माहिती सुरक्षित असते. बिघाड असतो तो खालच्या हिरव्या वा निळ्या बोर्डावरील वीजपुरवठ्यात.

बोर्डावरील वीजव्यवस्था

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट व ५ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. अडीच इंची डिस्कला सामान्यतः केवळ ५ व्होल्ट पुरतात. १२ व्होल्टवर मुख्यतः मोटर चालते. ५ व्होल्टपासून रेग्युलेटर मुख्य चिप व मेमरीसाठी लागणारे कमी दाब, म्हणजे ३.३ ते सुमारे १ व्होल्टपर्यंतचे पुरवठे तयार करतात. अनेक बोर्डांवर रेग्युलेटरचे नियंत्रण मोटर चालवणाऱ्या चिपमध्येच सामावलेले असते. पुरवठा आत येतो त्या जागी टीव्हीएस डायोड नावाचे पहारेकरी बसवलेले असतात. दाब मर्यादेबाहेर गेला की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढील भाग वाचवतात.

बिघाडाची कारणे

सर्वपरिचित कारण म्हणजे अॅडॉप्टरची अदलाबदल. बाहेरून जोडायच्या मोठ्या डिस्कचा अॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा, तर लॅपटॉपचा १९ व्होल्टच्या आसपासचा असतो. गोल पिन दिसायला सारखीच. चुकीचा अॅडॉप्टर लागला की १२ व्होल्टचा डायोड बहुधा पहिला बळी पडतो. सदोष पॉवर सप्लाय हे दुसरे कारण.

निदानाचा क्रम

प्रथम दुसरा केबल व खात्रीचा पुरवठा वापरून पाहावा. काही नव्या डिस्कना साटा जोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले, तर त्या बंदच राहतात. बाह्य पेटीतून काढलेली डिस्क जुन्या पॉवर सप्लायला जोडली असता असे घडते. तो बिघाड नव्हे.

त्यानंतर वीज तोडून बोर्ड उलगडावा आणि जळकट वास, काळे डाग वा फुगलेली चिप दिसते का ते पाहावे. मल्टिमीटरची काळी तार बोर्डाच्या स्क्रूच्या छिद्राला, म्हणजे ग्राउंडला लावावी. साटा जोडणीत सातवी ते नववी पिन ५ व्होल्टची व तेरावी ते पंधरावी १२ व्होल्टची असते. यांपैकी एखाद्या पुरवठ्याचा ग्राउंडशी रोध जवळजवळ शून्य भरला, तर त्यावरील टीव्हीएस डायोड शॉर्ट झाल्याची शक्यता प्रबळ ठरते. तो काढल्यावर रोध वाढला, तर निदान पक्के. रोध शून्यच राहिला, तर मोटर चिप संशयित ठरते.

शॉर्ट नसेल, तर पुढची पायरी रेग्युलेटरची. बोर्डाला पुरवठा देऊन लहान कॉइलांच्या टोकांवरील दाब मोजावा. तार घसरली तर नवा शॉर्ट होतो, म्हणून हात स्थिर हवा. आत ५ व्होल्ट येतात पण कॉइलपुढे काहीच नाही, अशा वेळी वीज बंद करून त्या जागेचा ग्राउंडशी रोध मोजावा. रोध ठीक असल्यास दोष बहुधा रेग्युलेटरचा; शून्याजवळ असल्यास पुढची चिप शॉर्ट असू शकते. मात्र मुख्य चिपच्या कमी दाबाच्या पुरवठ्याचा रोध निरोगी बोर्डावरही कमी असतो. म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाशी तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

दुरुस्तीची मर्यादा

टीव्हीएस डायोड काढल्यावरही डिस्क चालते, परंतु तिचे संरक्षण गेलेले असते. खात्रीच्या पुरवठ्यावर एकदाच चालवून सर्व माहिती उतरवून घ्यावी. बोर्ड बदलायचा झाल्यास केवळ तसाच दुसरा बोर्ड लावून सहसा भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी आठ पायांच्या रॉम चिपमध्ये, तर काही बोर्डांवर मुख्य चिपमध्येच साठवलेली असते. ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. म्हणून जुना बोर्ड कधीही टाकून देऊ नये.

डिस्क फिरते पण टकटक आवाज करते, तेव्हा दोष बहुधा आतील हेडचा असतो. अशी डिस्क पुन्हापुन्हा चालू केल्यास तबकड्यांवर ओरखडे पडतात. ती तत्काळ बंद करून निर्धूळ कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडेच सोपवावी.

सुटे भाग व साधने सिम लिम टॉवरसारख्या ठिकाणी मिळतात. तथापि डिस्कवर ग्राहकांची वा सहकाऱ्यांची माहिती असल्यास ती परस्पर दुरुस्तीला देऊ नये. सिंगापूरच्या २०१२ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर राहते. आणि दुरुस्त झालेली डिस्क पुन्हा एकमेव साठा म्हणून वापरू नये. तिच्यावरील माहितीची किमान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असावी.