गांगोजी आणि नारामाची : महाविहाराच्या भूमीवर वसलेले नगर

जपानमधील नारा शहराचे नाव निघताच बौद्ध वाचकास तोदाइजीतील महाबुद्धाचे स्मरण होते. परंतु त्याच शहरात, कोफुकुजी विहाराच्या दक्षिणेस, नारामाची नावाची एक जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, लाकडी जाळ्यांची घरे व लहान लहान मंदिरे यांनी ती भरलेली आहे. तिचा बराचसा भाग एकेकाळी एका महाविहाराचा परिसर होता. राजाश्रय सुटल्यानंतर विहाराचे आणि धम्माचे काय होते, या प्रश्नाचे एक उत्तर या वस्तीच्या इतिहासात सापडते.

सदर महाविहाराचे नाव गांगोजी. त्याचे मूळ आसुका येथील होकोजी या विहारात आहे. सोगा नो उमाको या बलाढ्य सरदाराने इ. स. 588 मध्ये त्याच्या उभारणीस प्रारंभ केला. त्यासाठी कोरियातील बैकजे राज्याने भिक्खूंसमवेत मंदिर बांधणारे व कौले घडविणारे कारागीर धाडले होते. इ. स. 710 मध्ये राजधानी नारा येथे आली आणि 718 मध्ये हा विहारही तेथे स्थलांतरित झाला. विहारासोबत आसुकातील काही कौलेही आणली गेली. त्यांपैकी काही आजही गांगोजीच्या छपरावर आहेत.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने गांगोजीचे आणखी एक महत्त्व आहे. नागार्जुन व आर्यदेव यांच्या तीन ग्रंथांवर आधारलेला सानरोन संप्रदाय येथे अभ्यासिला जात असे. इ. स. 625 मध्ये एकान या कोरियन भिक्खूने ही परंपरा जपानमध्ये आणली, असे मानले जाते. आठव्या शतकातील चिको हा येथील ख्यातनाम पंडित त्याच परंपरेतला. मित्र राइको यास सुखावती लोकात पाहिल्याचे स्वप्न चिकोला पडले व त्याने त्या लोकाचे चित्र काढविले, अशी आख्यायिका आहे. शून्यवादाच्या या पंडिताचे नाव लोकस्मृतीत टिकले ते मात्र या चित्रामुळे !

इ. स. 784 मध्ये राजधानी नारा सोडून गेली. राजकोषावर पोसलेला हा विहार हळूहळू क्षीण झाला. 1451 मध्ये शेतकऱ्यांच्या उठावात लागलेल्या आगीत त्याचे मुख्य सभागृह भस्मसात झाले. रिकाम्या झालेल्या भूमीवर गृहस्थांची घरे उठली, गल्ल्या पडल्या, बाजार भरू लागला. पाच मजली भव्य पॅगोडा मात्र 1859 पर्यंत उभा होता. त्या वर्षीच्या आगीत तोही गेला व केवळ पायाचे दगड उरले.

तथापि विहाराचा एक भाग वाचला. चिकोचे निवासस्थान मानला जाणारा भिक्खूनिवासाचा भाग लोकांनी प्रार्थनास्थळ म्हणून जपला. 1244 मध्ये त्याची पुनर्बांधणी होऊन आजचे गोकुराकुबो सभागृह आकारास आले. विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी येथे सामान्य जनांनी अर्पण केलेल्या वस्तू हजारोंच्या संख्येने मिळाल्या. त्यांत लाकडाचे लहान स्तूपही होते. राजाच्या दानाची नोंद इतिवृत्तात राहते. या अनामिकांच्या दानाची नोंद त्या वस्तूंनीच ठेवली.

या वस्तीचे जीवन कारागिरीवर उभे होते. शाईची वडी हा नाराचा प्रसिद्ध माल होय. तेलाच्या दिव्यांची काजळी जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात मळून ती घडवितात. उष्म्यात सरस नासतो, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांत चालते. या शाईची परंपरा कोफुकुजीशी निगडित आहे. ज्या देशात सूत्रे हाताने लिहून काढणे पुण्यकर्म मानले गेले, तेथे शाईचा कारागीर हाही धम्मकार्याचा भागीदार ठरतो.

येथील घरांच्या वळचणीला कापडी लाल माकडे टांगलेली दिसतात. घरात जितकी माणसे तितकी माकडे; येणारे संकट ती आपल्यावर घेतात, अशी श्रद्धा आहे. ती कोशिन उपासनेतून आली असून त्या उपासनेचे मूळ चिनी ताओ परंपरेत आहे. माणूस आपल्या कर्माचा स्वामी आहे, ही तथागतांची शिकवण पाहता ही समजूत धम्माशी जुळणारी नाही. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने तिची टवाळी करू नये. धम्म लोकांत उतरतो तेव्हा तो लोकांच्या जुन्या भयांनाही भेटतो. ती सारीच त्याला दूर करता आली, असे नाही.

1998 मध्ये युनेस्कोने प्राचीन नाराच्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत गांगोजीचाही समावेश आहे. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस गांगोजीच्या अंगणातील दगडी मूर्तींपुढे दिवे लावले जातात. ज्या भूमीवर राजाने विहार वसविला, तेथे आज गृहस्थ राहतात आणि विहाराचा उरलेला भाग त्यांच्यामध्ये उभा आहे. भिंती पडल्या तरी ज्यांच्या घरापर्यंत धम्म पोहोचला होता, त्यांनी त्याचा काही अंश राखला. राजाश्रयाने विहार उभा राहतो; परंतु तो टिकतो तो शेजाऱ्यांच्या आधाराने, हाच नारामाचीच्या इतिहासाचा बोध होय.