संगणक-व्यवसायातील आरंभीचे दिवस : एक इतिहास व त्याचा बोध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी गुणवंतांची नामावली प्रसिद्ध होते. कोण कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, कोणास कोठे नोकरी लागली, हे वाचून प्रत्येक ज्ञातिबांधवाचा ऊर अभिमानाने भरून यावा हे स्वाभाविकच आहे. अलीकडे या नामावलीत संगणक-अभियंत्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. परंतु ज्या मुलाची नोकरी गेली, त्याचे नाव पुढील वर्षी कोठे छापले जाते? ते कोठेच छापले जात नाही. आणि तो मुलगाही हळूहळू मेळाव्यास येईनासा होतो.

गतवर्षी आवणीच्या दिवसांत भंडारदऱ्यास रस्त्याकडेच्या खाचरात माझा एक जुना विद्यार्थी वडिलांबरोबर भात लावताना दिसला. पुण्यातील एका संस्थेत तो दोन वर्षे आज्ञावली, म्हणजे ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, लिहीत होता. काम कमी झाले म्हणून संस्थेने त्यास घरी पाठविले. मी अविचाराने बोलून गेलो, "अरे, एवढे शिकून अखेर चिखलच ना!" तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, चिखलाचे काही वाटत नाही. पण लग्नकार्यात गेलो की जो तो पगार विचारतो, त्याचे वाटते." ते उत्तर माझ्या जिव्हारी लागले. या व्यवसायाचा आरंभ ज्यांनी केला, त्यांचा मार्ग तरी सरळ होता काय, हे पाहावे अशी बुद्धी मला त्या दिवशी झाली. जे वाचनात आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या देशात बनलेल्या आरंभीच्या संगणकांपैकी एक मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. प्रायोगिक यंत्र १९५६ साली सिद्ध झाले व पूर्ण यंत्र १९६० साली कामास लागले. १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. या कार्याचे एक धुरीण डॉ. आर. नरसिंहन हे होते. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्या यंत्रात होते. संगणकास स्वतःची बुद्धी नसते. काय करावे व कोणत्या क्रमाने करावे, हे त्यास एकेक आज्ञा देऊन सांगावे लागते. या आज्ञा त्या काळी कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्रास पुरविल्या जात. एक छिद्र चुकले की सारे गणित चुकले! मग चूक फितीत आहे, विचारात आहे की एखाद्या व्हॉल्व्हमध्ये आहे, याचा शोध घेत बसावे लागे.

त्याहून मोठी निराशा पुढेच होती. यंत्र पूर्ण होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे संगणक येऊ लागले होते. इतक्या परिश्रमाने घडविलेले यंत्र जन्मतःच जुने ठरू लागले, आणि १९६४ साली त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा बलाढ्य संगणक आला. मग ते श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. यंत्र जुने झाले, पण ते घडविताना व चालविताना जी माणसे तयार झाली ती जुनी झाली नाहीत. पुढील यंत्रे हाताळण्यास तीच विद्या उपयोगी पडली.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. श्री. नारायण मूर्ती यांचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. परंतु १९७६ साली त्यांनी पुण्यात 'सॉफ्ट्रॉनिक्स' नावाची संस्था काढली होती व ती सुमारे दीड वर्षात बंद पडली, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. देशात संगणकच मोजके. मग त्यांवरील आज्ञावली विकत घेणार कोण? मालात दोष नव्हता, तर बाजारच नव्हता. हे ओळखून त्यांनी निमूटपणे 'पटणी कॉम्प्युटर सिस्टीम्स'मध्ये नोकरी धरली. पुढे जुलै १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी 'इन्फोसिस'ची स्थापना केली. पत्नी सौ. सुधा मूर्ती यांनी साठविलेले दहा हजार रुपये हे आरंभीचे भांडवल होते. या वेळी ग्राहक परदेशातील निवडले. पण येथेही अडचणींचा पाठलाग सुटला नाही. संगणकासाठी लागणारी कंपनी, पण संगणक नाही! तो आयात करण्याच्या परवान्यासाठी दिल्लीच्या खेपांवर खेपा घालाव्या लागल्या. साधा टेलिफोन मिळण्यासही दीर्घकाळ वाट पाहावी लागे. तोपर्यंत सहकारी अमेरिकेत ग्राहकाच्या यंत्रावर बसून काम करीत. १९९० साली तर कंपनी दहा लाख डॉलरला विकून टाकावी, असा प्रस्ताव भागीदारांपुढे आला होता. मूर्तींनी विकण्यास नकार दिला व इतरांचे भाग आपण घेऊ अशी तयारी दाखविली. तेव्हा बाकीचेही थांबले.

तिसरे उदाहरण आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांस अधिक जवळचे वाटेल. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी काम धरले व पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे बंधू श्री. संजय यांस मात्र त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरस नावाच्या उपद्रवी आज्ञावली शिरलेल्या आढळत. त्या काढून टाकणारी आज्ञावली संजय यांनी लिहिली. तीच 'क्विक हील' या नावाने १९९५ च्या सुमारास विक्रीस आली. पण जी वस्तू हातात धरता येत नाही, जिची नक्कल फुकट मिळते, तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? कित्येक वर्षे विक्री जेमतेम होती आणि हा धंदा सोडून द्यावा की काय, असाही प्रसंग आला. त्या दिवसांत दुरुस्तीच्या दुकानाने घर चालविले व आज्ञावलीस तग धरू दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच संस्थेचे भाग शेअर बाजारात विक्रीस आले.

या तीन हकिकतींत एक सूत्र दिसते. पहिल्या प्रयत्नास आलेले अपयश हे बुद्धीचे अपयश नव्हते. कोठे यंत्र मागे पडले, कोठे बाजार नव्हता, कोठे परवाना नव्हता. आणि तिन्ही ठिकाणी पडत्या काळात कोणीतरी आधार दिला : कोठे संस्थेने, कोठे पत्नीने, कोठे वडील बंधूने. तो आधार नसता, तर आज त्यांची नावे घेण्याचा प्रसंग आला नसता.

भंडारदऱ्याच्या मनुष्यास हे समजण्यास दूर जावयास नको. आपले धरण १९१० साली बांधावयास घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पात्रात सोळा वर्षे दगडावर दगड चढत होता. पुढे १९६९ साली त्याच भिंतीस तडे व गळती आढळली, तेव्हा धरण पाडले नाही; मागून भक्कम टेकू देऊन ते सावरले. दगडी भिंतीस जो न्याय आपण लावला, तो आपल्या लेकरांस लावू नये काय?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. परंतु पुणे, नाशिक व मुंबई येथे नोकरीस असलेल्या ज्ञातिबांधवांची एक यादी करावी आणि काम सुटलेल्या मुलामुलींस चार-सहा महिने राहण्याची सोय व नव्या कामाची ओळख त्यांच्यामार्फत मिळावी. शिक्षणनिधीतून थोडी रक्कम नवीन विद्या शिकण्यासाठी उसनवार देता आली, तर उत्तमच. आणि वडीलधाऱ्यांनी, मीही त्यांत आलोच, पगार विचारण्यापूर्वी "काम काय शिकलास?" असे विचारावे.

तो माझा विद्यार्थी सध्या नाशिकच्या एका लहान संस्थेत आहे. वेतन पूर्वीपेक्षा कमी आहे. मागील महिन्यात घरी आला असता मी त्याच्यापाशी माझ्या त्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो हसून म्हणाला, "गुरुजी, पहिल्याच खेपेस चालली अशी आज्ञावली मी अजून पाहिली नाही. चूक शोधायची आणि पुन्हा चालवायची."

यंदाच्या मेळाव्यास येण्याचे त्याने कबूल केले आहे. तो आला, तर त्यास पगार कोणी विचारू नये, एवढीच विनंती.