गावात फायबर येतंय: घर आधीच कसं तयार ठेवायचं?

नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके. कंधार, मुखेड, देगलूर, उदगीर, औसा, निलंगा, कुठेही जा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पेटी आणि तिच्यात शिरणारी काळी तार दिसतेच. काही गावांत ती चालू आहे, काही ठिकाणी तिच्यावर धूळ बसली आहे. आता ही तार पंचायतीपुरती न राहता घराघरात येऊ लागली आहे. कुठे बीएसएनएलची, कुठे खासगी कंपनीची, तर कुठे गावातल्या केबलवाल्यामार्फत. तार ओढणारी पोरं एका दिवसात दहा-बारा घरं उरकतात. आपलं घर तयार नसेल तर ती जिथे सोपं तिथे भोक पाडतात, जिथे खिळा दिसेल तिथे राऊटर टांगतात आणि निघून जातात. मग वर्षभर आपण म्हणत बसतो, "नेट चालत नाही." म्हणून हा लेख.

ही तार आली कुठून?

गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ पर्यंत देशातल्या एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं, महाआयटीमार्फत. तेच महानेट. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात पाच वर्षांत ग्रामीण भागातल्या दीड कोटी घरांना फायबर जोडणी देण्याचं लक्ष्य आहे आणि देखभालीचं काम गावातल्याच तरुण उद्यमींकडे देण्याची तरतूद आहे.

या सुधारणेतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पूर्वी तालुक्यापासून गावापर्यंत एकच सरळ तार होती. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावं बंद. आता गोलाकार जाळं करायचं ठरलं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. तुमच्या गावात ते झालं का, हे ग्रामसभेत जरूर विचारा. खोदकामाआधी तार कुठे आहे हे विचारून घेण्यासाठी मार्च २०२३ पासून "कॉल बिफोर यू डिग" नावाचं सरकारी ॲप आहे. पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या गुत्तेदाराला त्याची आठवण करून देणं सरपंचाचं काम आहे, पण आठवण सरपंचाला कोणी करून द्यायची? आपणच.

काचेची तार आणि तिचा स्वभाव

फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. खांबावरच्या एका पेटीतून हा प्रकाश साधारण ३२ घरांमध्ये वाटला जातो. घरात जी छोटी पेटी बसते तिला ओएनटी म्हणतात. ती प्रकाशाचं इंटरनेट करते. बहुतेक वेळा वायफाय राऊटरही तिच्यातच असतो.

काच आहे म्हणून ती तुटते हे सगळ्यांना कळतं. पण ती न तुटता सुद्धा बिघडते, हे कळत नाही. जास्त वाकवली की प्रकाश वाकणावरून बाहेर सांडतो. माप लक्षात ठेवायला सोपं आहे: बांगडीच्या गोलाईपेक्षा ती कुठेही जास्त वळवायची नाही. उरलेल्या तारेची वळकटी ताटलीएवढी मोठी ठेवायची, दोरीसारखी घट्ट बांधायची नाही. दारात दाबली जाणार नाही, पलंगाच्या पायाखाली येणार नाही, असं पाहायचं. तिच्यावर ओढणी, टॉवेल वाळत घालायचा नाही. हसू येईल, पण आमच्याकडे हे सर्रास होतं.

तारेच्या टोकाला हिरव्या रंगाची टोपी असते. ती काढून मुलांनी आत डोळा लावून बघू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

जोडणी करताना कामगाराकडे प्रकाश मोजायचं छोटं यंत्र असतं. त्याला म्हणा, "भाऊ, आकडा दाखवा." आकडा उणेमध्ये येतो. उणे १५ ते उणे २४ च्या आत असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास गेला तर पेटी कशीबशी चालते आणि पहिल्या पावसात बंद पडते. तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. आकडा खराब असेल तर सांधा पुन्हा करून घ्या. एकदा तो माणूस गेला की पुन्हा यायला किती दिवस लागतात हे तुम्हाला माहीत आहे.

माळवद, पत्रा आणि पुनर्वसनाचं घर

शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे चालत नाहीत, कारण आपली घरंच वेगळी आहेत.

जुनं माळवदाचं घर असेल तर दगड-मातीच्या भिंती दोन-दोन फुटांच्या, काही वाड्यांत त्याहून जाड. अशा भिंतीतून वायफाय जवळजवळ जात नाही. भोक पाडायला लांब बिट लागतो, आणि मातीतला दगड हलला की भिंत पोकळ होते. त्यामुळे नवं भोक पाडण्याऐवजी खिडकीची चौकट, झरोका किंवा विजेची वायर आली आहे ती जागा वापरा. वरून, म्हणजे माळवदातून तार कधीही आणू नका. पांढऱ्या मातीला एकदा वाट मिळाली की पाणी तिथूनच उतरतं.

सिमेंटच्या भिंतीत भोक पाडायचं तर ते आतून बाहेर उतरतं असावं. बाहेर तार आधी थोडी खाली झुकवून मग वर आत घ्यायची, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून जातं, घरात येत नाही. नंतर फट सिमेंटने किंवा एम-सीलने बंद करा. उंदीर आणि मुंग्या दोघांनाही ही फट आवडते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा, निलंगा भागात ज्या नव्या वसाहती झाल्या, तिथे घरं सुटी सुटी आहेत आणि कुटुंब वाढलं तशी लोकांनी मागे-पुढे पत्र्याची खोली जोडली आहे. पत्रा हा वायफायचा सगळ्यात मोठा शत्रू. पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्याला सिमेंटच्या खोलीतला सिग्नल मिळेल अशी आशा धरू नका. तिथे साधी लॅन केबल न्यावी लागेल. ती १०० मीटरपर्यंत चालते. तिच्या टोकाला दुसरा छोटा राऊटर लावा. भिंतीतून ताकद वाढवणारी जादूची पेटी म्हणून बाजारात जे विकतात, त्यापेक्षा ही केबल स्वस्त आणि भरवशाची.

राऊटर कोणत्या खोलीत?

इथे थोडं जास्त थांबते, कारण सगळं इथेच बिघडतं.

आपल्याकडे राऊटर बहुतेक बैठकीत लागतो. पाहुण्यांना दिसतो, तार रस्त्याकडून तिथेच येते, आणि कामगाराला आतल्या खोल्यांत नेणं बरं वाटत नाही. आणि मुली अभ्यास करतात मागच्या खोलीत, किंवा स्वयंपाकघराच्या दारात. बैठक आणि ती खोली यांच्यामध्ये दोन भिंती. मोठा भाऊ बैठकीत क्रिकेट बघतो आणि दहावीची मुलगी मोबाइल हातात घेऊन अंगणात सिग्नल शोधते. महिन्याचे पैसे दोघांसाठी सारखेच जातात.

लातूर शिक्षणाचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं, नीटच्या तयारीला लांबून मुलं येतात. पण तिथे खोली घेऊन राहणं प्रत्येक घराला, आणि प्रत्येक मुलीला, जमत नाही. घरी बसून व्याख्यान ऐकणाऱ्या मुलीसाठी घरात नेट आहे की नाही यापेक्षा तिच्या खोलीत आहे की नाही हे महत्त्वाचं. उर्दू माध्यमाची बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मिळतात, दीक्षा ॲपवर उर्दूतलं साहित्य आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरावा लागतो. हज कमिटीचा अर्ज ऑनलाइन झाला. वक्फच्या मालमत्तांची नोंद जून २०२५ पासून उम्मीद पोर्टलवर आली. एवढ्या कामांसाठी मुलाबाळांना तालुक्याच्या नेट कॅफेत पाठवायचं नसेल तर जागा आधी ठरवा.

कशी ठरवायची? तार ओढायला येण्याच्या आदल्या दिवशी घराचा साधा नकाशा काढा. कोण कुठे बसतं, प्लग कुठे आहे, जाड भिंत कोणती. राऊटर शक्यतो घराच्या मधोमध, छातीपेक्षा उंच, उघड्यावर. ताकात, म्हणजे कोनाड्यात, ठेवू नका. दिसायला जागा अगदी त्याच्यासाठीच केल्यासारखी वाटते, पण तीन बाजूंनी दगड असतो आणि सिग्नल फक्त समोर जातो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या मागेही नको. बैठकीत पेटी लावण्यावाचून इलाज नसेल तर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल त्याच दिवशी टाकून घ्या.

राऊटरवर दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी लिहिलेलं असतं. तो मोबाइलवाला ५जी नाही. तो वेगवान आहे पण भिंतीपलीकडे दमतो. साधा, म्हणजे २.४ वाला, हळू पण लांब जातो. आतल्या खोलीसाठी साधाच जोडा.

कामगार येण्याची वेळ घरच्यांनी मिळून ठरवा. घरातल्या बाईला त्या वेळी समोर यायचं नसेल तरी काय कुठे लावायचं हे तिच्याशी बोलून आधीच ठरलेलं असावं. आणि पासवर्ड, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर हे तिघं तिच्याकडेही लिहिलेले असावेत. घरातला पुरुष पुण्याला किंवा आखाती देशात कामाला आणि पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये, अशी घरं मी कमी पाहिलेली नाहीत.

वीज आणि पाऊस

ओएनटीला १२ व्होल्ट लागतात, दहा-बारा वॅटचं काम. घरातल्या मोठ्या इन्व्हर्टरवर जोडलं तर प्रश्नच नाही. नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तीन-चार तास चालतो. घेताना व्होल्ट आणि पिनचा आकार जुळवून घ्या. मात्र गावातल्या मुख्य पेटीची वीज गेली आणि तिथली बॅटरी मेलेली असेल तर तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. पंचायतीचं वीजबिल थकलं की गावाचं नेट जातं, हे साधं सत्य आहे.

आपल्या भागात मृगाच्या आधी-नंतर विजा पडतात. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण घराकडे येणाऱ्या तारेत तिला तोलायला पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच पकडीत थांबली पाहिजे, घरात येता कामा नये. राऊटर जळतो तो बहुतेक प्लगमधून. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

आणि उंची. रस्त्यावरून ओलांडणारी तार उसाची ट्रॉली, कडब्याची गाडी सहज जाईल इतकी वर हवी. गाळपाच्या हंगामात अर्ध्या गावाचं नेट एका ट्रॉलीने नेलेलं आहे.

पैसे देण्याआधी

जाहिरातीत फायबर लिहिलेलं असतं आणि घरावर छत्री बसते, असंही होतं. ती हवेतून येणारी सेवा आहे. वाईट नाही, पण वेगळी आहे. विचारून घ्या: तार घरापर्यंत येणार ना? ओएनटी विकत, भाड्याने की अनामत ठेवून? अनामत परत कधी? दराच्या वर १८ टक्के जीएसटी धरला आहे का? ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती? ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण सहा एमबी. एका ऑनलाइन तासाला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, त्यामुळे सगळ्यात महागडा प्लॅन लागतोच असं नाही.

पैसे पावतीवर, कंपनीच्या नावाने. "सरकारी फायबरची नोंदणी, आज शेवटची तारीख" असा फोन आला आणि ओटीपी मागितला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

पेटीच्या तळाला छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. शेजारच्या पोराने तुमच्या नेटवरून काही उलटसुलट केलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. मशिदीत, मदरशात किंवा वाचनालयात जोडणी घेताना तर ती कोणा एकाच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्या.

पहिले सात दिवस रोज सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला प्रत्येक खोलीत वेग तपासून वहीत लिहा. एक तपासणी राऊटरला केबल लावून करा. केबलवर वेग बरोबर आणि खोलीत कमी, तर दोष घराचा. केबलवरही कमी, तर दोष त्यांचा. पेटीवर "लॉस" नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही, राऊटर बंद-चालू करत बसू नका. तक्रार करा आणि तिचा क्रमांक त्याच वहीत उतरवून ठेवा.